सिनेमात नसलेली मावशी

बाईंना भेटायचं असेल तर जिन्याखालच्या कपाटावर टकटक करावी लागे. लंडनच्या ईलिंग भागातलं त्यांचं घर अरुंद होतं, दोन्ही बाजूंच्या घरांनी दाबून धरल्यासारखं. इतर लोक जिन्याखाली व्हॅक्यूम क्लीनर, इस्त्रीचं टेबल आणि चिखलाचे बूट ठेवतात. बाईंनी तिथे पाय कापून बुटकी केलेली एक आरामखुर्ची ठेवली होती, खिळ्याला दिवा अडकवला होता आणि उतरत्या छताखाली मावतील तेवढी पुस्तकं लावली होती. दार अर्धवट लोटून त्या आत वाचत बसत. संध्याकाळी मी कामावरून आले की अंधाऱ्या पॅसेजमध्ये त्या फटीतून पिवळ्या उजेडाची एक उभी पट्टी पडलेली दिसे आणि मधूनच पान उलटल्याचा आवाज येई. वाटे, घराला झोप लागली आहे आणि ते झोपेतच वाचतं आहे.

गॅसचं मीटरही त्याच कपाटात होतं. मीटर बघायला माणूस आला की मी दारातच सांगे, ‘‘आत एक बाई बसल्या आहेत, दचकू नका.’’ तरी तो दचके. एकदा एकाने फार अदबीने विचारलं, ‘‘मॅडम, जरा बाहेर येता का?’’

बाई पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या, ‘‘हे प्रकरण संपू दे.’’

तो बिचारा पॅसेजमध्ये टॉर्च घेऊन उभा राहिला. मी त्याला चहा दिला.

मी पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामासाठी आले होते, दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बाईंच्या घरातली वरच्या मजल्यावरची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. पहिल्याच आठवड्यात मी माझ्या सवयीप्रमाणे फ्रिजच्या दारावर यादी लावली : कचऱ्याचा दिवस, दूध, बल्ब, बॉयलरवाल्याला फोन. बाई चष्मा वर करून ती यादी बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या.

‘‘यादीत माझं नाव नाही ना?’’

‘‘नाही. का हो?’’

‘‘मी लहान असताना यादीत नाव नसणं चांगलं समजत.’’

मी परत यादीकडे बघितलं. तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘‘पण दूध लिहिलंस ते बरं केलंस. मी विसरते.’’ आणि पेन्सिलीने खाली ‘आणि जॅम’ असं लिहून गेल्या.

आम्ही इंग्रजीतच बोलायचो, पण मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहो करत असे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

बाई मूळच्या हॉलंडच्या, ज्यू. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत जर्मन त्यांच्या आईवडिलांना घेऊन गेले, ते दोघं परत आले नाहीत. त्याआधी कुणीतरी या पाच वर्षांच्या मुलीला दुसऱ्या गावातल्या एका बाईच्या दारात पोचवलं. नात्याची ना गोत्याची. एकटी राहणारी, शिवणकाम करणारी. तिने या मुलीला लढाई संपेपर्यंत घरात लपवलं. घराच्या जिन्याखाली कपाट होतं, कुणी आलं की मुलगी त्यात. ‘तांते’ म्हणायचं तिला, म्हणजे मावशी. लढाई संपल्यावर लंडनमधल्या काकांनी मुलीला इकडे आणलं. पुढे इथल्या शाळेच्या ऑफिसात नोकरी करून बाई रिटायर झाल्या, लग्न केलं नाही. मावशीचं नाव त्यांना ठाऊक होतं, ते कागदोपत्री होतं. पण तरुणपणी त्या शोधायला गेल्या तेव्हा मावशी वारली होती, घर पाडलं होतं, आणि तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता.

‘‘लोकांना वाटतं, मला कपाटाची भीती वाटत असणार,’’ बाई म्हणत. ‘‘कपाटात कसली भीती? भीती बाहेर होती.’’

त्या काळावरची पुस्तकं आणि सिनेमे यांच्याशी बाईंचं नातं भांडखोर सासुरवाशिणीसारखं होतं. तक्रार अखंड, आणि सोडवतही नाही. नवं काही आलं की त्यांना ते हवंच. ग्रंथालयातून ओझ्याने वाकून पुस्तकं आणत, आणि वाचताना कपाटातून त्यांचे शेरे ऐकू येत. ‘‘एवढा ब्रेड कुठून आला?’’ ‘‘पाच वर्षांचं पोर असं बोलत नाही.’’ ‘‘झालं, आता ही बाई भाषण करणार.’’ हसू आलं तर मात्र आवाज नाही, फटीतून नुसते खांदे हलताना दिसत.

वाचवणाऱ्या माणसांवर त्यांचा विशेष राग. म्हणजे पुस्तकांतल्या. ‘‘सगळी देवमाणसं,’’ त्या म्हणत. ‘‘दार उघडतात, डोळ्यांत पाणी, आणि मग माणुसकीवर चार वाक्यं. मावशीने दार उघडलं आणि म्हणाली, पाय पूस.’’

‘‘एवढंच?’’

‘‘बाहेर चिखल होता.’’

सिनेमाला जाताना त्या उशी घेऊन जात आणि कडेची खुर्ची धरत. व्हायोलिन सुरू झालं की उठून बाहेर. व्हायोलिन थांबलं की परत. एका सिनेमात त्या इतक्यांदा गेल्या आणि आल्या की शेजारच्या गृहस्थांनी काळजीने विचारलं, तब्येत बरी आहे ना? ‘‘माझी बरी आहे,’’ बाई म्हणाल्या, ‘‘सिनेमाची नाही.’’ त्या लोकांच्या दुःखावर व्हायोलिन वाजवणाऱ्याला त्यांनी कधीच माफ केलं नाही. ‘‘आमच्याकडे आवाज नव्हता, हीच तर गोष्ट होती. दोन वर्षं आवाज नाही. तो कोणी दाखवत नाही.’’

ग्रंथालयात महिन्यातून एकदा या विषयावरच्या पुस्तकांची चर्चा असे. ती बाईंनीच सुरू केली होती आणि त्याच चालवत. मीही जाऊ लागले, आधी त्यांना सोबत म्हणून. तिथे एक नियम होता, तो पहिल्याच दिवशी मला कळला. आम्ही दहाबारा जण गोल बसलो होतो. नव्याने आलेल्या एका बाईंनी पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि म्हणाल्या, ‘‘मी असते ना, तर त्या मुलांना नक्की घरात घेतलं असतं.’’

बाईंनी किटलीकडे बोट दाखवलं.

‘‘काय?’’ त्या नव्या बाई गोंधळल्या.

‘‘चहा,’’ शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले. ‘‘‘मी असते तर’ म्हटलं की सगळ्यांचा चहा करायचा. इथला नियम आहे.’’

नंतर घरी येताना मी म्हटलं, ‘‘जरा कडक नाही का हे? त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं.’’

‘‘चांगल्याच मनाने म्हणतात,’’ बाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी धुकं होतं, रस्त्याचे दिवे कापसात ठेवल्यासारखे दिसत होते आणि बाई त्यांतून काठी टेकत हळूहळू चालत होत्या. ‘‘इतकी वर्षं हे वाक्य ऐकते आहे. म्हणणाऱ्या सगळ्यांनी घेतलं असतं, तर लपवायला मुलं कमी पडली असती.’’

मीसुद्धा दोनदा चहा केला आहे.

आता एप्रनचं सांगते, कारण सगळं तिथूनच फिरलं.

बाई मावशीबद्दल फार बोलत नसत, पण बोलल्या की काही गोष्टी नेहमी येत. त्यांतला एक निळा एप्रन. निळ्यावर पांढरे ठिपके, आणि फाटलेला खिसा लाल दोऱ्याने शिवलेला. ‘‘शिवणकाम करणारी बाई, आणि स्वतःच्या एप्रनला निळा दोरा सापडला नाही तिला,’’ असं म्हणून त्या त्यांच्या पद्धतीने प्रेमाने चिडत. मला तो एप्रन इतका पाठ झाला होता की मावशी भेटली असती तर मी तिला खिशावरूनच ओळखलं असतं.

त्या वर्षी ग्रंथालयाच्या प्रमुख मॅडमनी बाईंना येत्या जानेवारीत तिथे लोकांसमोर बोलायला बोलावलं. जानेवारीच्या शेवटी इथे लढाईत मारल्या गेलेल्या ज्यूंची आठवण करण्याचा दिवस असतो. पूर्वी बाईंनी दरवेळी नकार दिला होता. या वेळी हो म्हणाल्या. ‘‘मी गेले की मावशी संपली,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘तिला बघितलेलं दुसरं कुणी जिवंत नाही. एकदा तरी तिच्याबद्दल खरं खरं सांगून ठेवायला हवं.’’

नोव्हेंबरातला एक रविवार होता. दुपारी तीनलाच उजेड मावळायला लागला होता, खिडकीवर पावसाचे ओघळ. टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता, लढाईतल्या लपलेल्या मुलांचा, रंगांवर पिवळट साय धरलेला. मी मोजे जोड्यांनी लावत होते. बाई शेरे मारत होत्या. मग त्यांचे शेरे थांबले.

पडद्यावर एक बाई चुलीशी उभी होती. ती वळली. निळा एप्रन, पांढरे ठिपके. खिशावर लाल टाके.

‘‘अय्या!’’ मी म्हटलं. ‘‘अगदी मावशीसारखा.’’

सिनेमा पुढे गेला, व्हायोलिन वाजलं, तरी बाई उठल्या नाहीत. नावं वर सरकायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘हा कधीचा सिनेमा आहे?’’

मी पेपरातल्या टीव्हीच्या पानावर बघून सांगितलं.

‘‘म्हणजे मी हा तेव्हाच बघितला असणार. आमच्या ऑफिसातल्या मुलींबरोबर.’’ मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘‘तो एप्रन माझा नव्हता.’’

‘‘असं कसं? मावशीकडेही असेल की तसा. तेव्हा सगळ्याच बायका ठिपक्यांचे एप्रन घालत असतील.’’

‘‘असेल. पण लाल दोरा?’’ त्या माझ्याकडे वळल्या. मी बाईंना घाबरलेलं त्याआधी बघितलं नव्हतं. ‘‘चाळीस वर्षं मी हे बघते आहे, वाचते आहे. माझ्या डोक्यात एक मावशी आहे. तिच्यातली माझी किती आणि यांची किती?’’

मला अशा वेळी एकच गोष्ट करता येते. मी कागद आणला. उभी रेघ मारली. म्हटलं, ‘‘बाई, मावशीबद्दल आठवतं ते सगळं सांगा. डावीकडे लिहू. मग तुम्ही बघितलेले सिनेमे आणि पुस्तकं परत बघू. जे तिथे सापडेल ते खोडू. उरेल ते तुमचं.’’

‘‘आणि जे तिथेही असेल आणि खरंही असेल?’’

‘‘ते बिचारं जाईल. पण उरेल ते तरी नक्की.’’

बाईंना हे पटलं. नोकरीत त्यांनी मुलांच्या फायलीच लावल्या होत्या.

तो हिवाळा मला अजून स्वप्नासारखा आठवतो. संध्याकाळी पडदे ओढून आम्ही दोघी दिवाणखान्यात बसायचो, हीटरची निळी ज्योत, पांघरुणं, आणि पडद्यावर कुठल्या कुठल्या देशांतला बर्फ. दुकानातून डीव्हीडी आणणं माझ्याकडे. जी पुस्तकं त्यांच्याकडे उरली नव्हती ती ग्रंथालयातल्या मॅडम कुठून कुठून मागवून देत. एका सिनेमातून दुसऱ्यात तेच घर, तोच माळा, तीच चिडीचूप मुलं. शेवटी शेवटी मला झोपेतही ती माणसं दिसायला लागली. ती आमच्या पॅसेजमधून जात, कपाटाशी थांबत, आणि कुठल्याच सिनेमातली नसत.

डावीकडची बाजू भराभर खोडली जात होती. मावशी मेणबत्तीच्या उजेडात गोष्ट सांगते : गेलं, दोन पुस्तकांत सापडलं. अर्धा बटाटा मुलीला देऊन आपल्याला भूक नाही म्हणते : गेलं. शिपाई दार वाजवतात आणि मुलगी तोंडात मूठ कोंबते : बाईंना हे गेल्याचं फार लागलं, पण ते तीन सिनेमांत होतं. उशाशी बसून म्हटलेलं गाणं : गेलं.

‘‘ते बरं झालं,’’ बाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. ‘‘मावशी गाणारी वाटलीच नव्हती मला.’’

आणि मग नाताळाच्या आधी एका दुपारी मला ऑफिसात फोन आला. बाई कधी ऑफिसात फोन करत नसत. मी मीटिंगमधून उठून बाहेर गेले.

‘‘पाय पूस,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय झालं, बाई?’’

‘‘पाय पूससुद्धा सापडलं. एका कादंबरीत आहे. दार उघडते आणि म्हणते, पाय पूस. मी ही कादंबरी वाचली होती, माझंच नाव आहे तिच्यावर.’’

मी समजावलं. कुठल्याही देशातली बाई चिखलाच्या दिवसांत पोराला हेच म्हणेल. माझी आईसुद्धा हेच म्हणायची. त्या ऐकून घेत होत्या, पण मला कळत होतं की काही उपयोग नाही. उरलं काहीच नव्हतं. एक नाव, आणि तेही कागदावरचं.

नवं वर्ष लागल्यावर त्यांनी मला सांगून टाकलं की त्या बोलायला जाणार नाहीत. ‘‘कुणाबद्दल बोलू? मी उभी राहून त्यांना सिनेमाची गोष्ट सांगणार, आणि ते रडणार. मावशीच्या नावावर दुसरीच कुणीतरी जमा व्हायची.’’ कपाटातला दिवा त्या दिवसांत लागतच नव्हता. मी येताना पॅसेज नुसता काळा असे. ग्रंथालयाला त्यांनी अजून कळवलं नव्हतं, रोज उद्यावर ढकलत होत्या, एवढाच काय तो मला धीर.

लंडनजवळच्या स्लाऊला माझी मैत्रीण वैशाली राहायची. तिच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू शनिवारी एका हॉलमध्ये होतं. बाईंना घरी एकटं ठेवावंसं वाटेना, म्हणून मी त्यांना गाडीत घातलं. त्या वर्षी मंडळाला जुने खेळ मांडायची हौस आली होती, आणि माझ्या यादीत काम आलं होतं : नवकंकरीचा पट. मी खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर मार्करने काढला, एकात एक तीन चौकोन, मधून जोडणाऱ्या रेघा. सोंगट्यांऐवजी एका गड्याला नऊ राजम्याचे दाणे, दुसऱ्याला नऊ काबुली चणे. आळीपाळीने मांडायचे, मग सरकवायचे. आपले तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक दाणा उचलायचा, ज्याचे दोनच उरले तो हरला.

हॉलमध्ये साड्या, कोट, पोरांची पळापळ. बाईंना कुणीतरी कुंकू लावलं, त्यांनी लावू दिलं. वैशालीने तिळगूळ हातावर ठेवला आणि हे देताना गोड बोलायला सांगतात, असं समजावलं.

‘‘मग मला दोन दे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘एकाने भागायचं नाही.’’

मी चहाच्या रांगेत गेले. परत येऊन बघते तर बाई खेळांच्या टेबलाशी बसलेल्या, समोर वैशालीची सई, आठ वर्षांची, गुडघे खुर्चीवर घेऊन पटावर ओणवी. बाईंना खेळ कुणी समजावलेला मी बघितला नव्हता. त्यांचा हात आपला आपण चालला होता. दाणा उचलायचा, ठेवायचा, बोटाने किंचित दाबायचा. आणि पटापट सईचे चणे उचलले जात होते.

‘‘आई!’’ सई ओरडली. ‘‘आजी माझा सगळा चणे खाऊन टाकतो!’’

‘‘खाऊन टाकतो नाही, टाकते,’’ वैशाली म्हणाली. ‘‘आणि आजी खूप वेळा जिंकल्या ना? अहो आजी, एकदा तरी लेट हर विन ना, रडेल ती.’’

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या आणि आणखी एक चणा उचलला. ‘‘मोलेन.’’

‘‘काय?’’ मी विचारलं.

बाईंचा हात चण्यासकट वरच्या वर थांबला. हॉलमध्ये केवढा गलका होता, पण त्या टेबलापुरतं सगळं लांब गेल्यासारखं झालं.

‘‘मोलेन,’’ त्या पुन्हा हळूच म्हणाल्या. ‘‘म्हणजे गिरणी. तीन ओळीत आले की म्हणायचं. हा पट तू कुठून आणलास?’’

‘‘मी काढला. आमच्याकडचा खेळ आहे.’’

‘‘आमच्याकडचा आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ब्रेड कापायच्या फळीच्या मागच्या बाजूला होता. तिने खिळ्याने कोरला होता. कुणी आलं की फळी उलटायची आणि वर ब्रेड ठेवायचा.’’ त्या बोटाने पुठ्ठ्यावरच्या रेघांवरून फिरत होत्या. ‘‘घेवड्याचे दाणे होते. तिचे तपकिरी, माझे पांढरे. शेवटच्या हिवाळ्यात खायला काही राहिलं नाही तेव्हा ते आम्ही शिजवून खाल्ले. मग खडे घेतले.’’

मला यादीची सवय. मी लगेच विचारलं, ‘‘कुठल्या सिनेमात होतं का हे? पुस्तकात?’’

‘‘सिनेमात बुद्धिबळ असतं. दिसायला छान दिसतं ना.’’ मग त्या सईकडे बघून म्हणाल्या, ‘‘आणि सिनेमात मुलाला जिंकू देतात. कुणीही लिहू दे, कुणीही दाखवू दे, वाचवणारा माणूस शेवटी मुलाला जिंकू देतोच. तिने मला एकदाही जिंकू दिलं नाही. दोन वर्षांत एकदासुद्धा नाही. मी रडायचे, पण आवाज न करता रडायला लागायचं, म्हणून जास्तच राग यायचा.’’

‘‘दॅट्स मीन,’’ सई म्हणाली.

‘‘होतीच ती मीन.’’

परतताना मोटरवेवर दोन्ही बाजूंना दिव्यांच्या माळा मागे पळत होत्या. मला वाटलं बाईंना झोप लागली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘मला आत्ता कळतं आहे. ती माझं मन रमवायला खेळत नव्हती. मला सोडून तिलाही बाहेर जाता येत नव्हतं, कुणाला घरी बोलावता येत नव्हतं. तिला खेळायला दुसरं कुणी नव्हतंच. खेळ सुरू झाला की मी लपवलेली मुलगी नसायचे, समोरचा गडी असायचे.’’

त्यांनी ग्रंथालयाला नकार कळवला नाही.

जानेवारीच्या शेवटी, कार्यक्रमाच्या संध्याकाळी, तिथली मोठी खोली भरली होती. मॅडमनी पाण्याचा ग्लास, माइक, छोटं टेबल असं सगळं ठेवलं होतं. लोक रुमाल तयार ठेवून आले होते, आपल्याला दिसतं ते. बाईंनी माइक बाजूला केला. आधी मावशीचं नाव घेतलं, गाव सांगितलं. मग म्हणाल्या, ‘‘ती दिसायला कशी होती मला माहीत नाही. काय घालायची, माहीत नाही. तुम्ही सिनेमात बघितलं असेल तसं काही मी सांगू शकणार नाही. मला तिची एकच गोष्ट माहीत आहे. ती ऐकून कळणार नाही. कुणीतरी समोर येऊन बसा.’’

पुठ्ठा टेबलावर ठेवला, राजमे-चणे मांडले. आधी कुणी उठेना. मग पुढच्या रांगेतले एक रिटायर्ड हेडमास्तर आले, कोटाची बटणं लावत, जरा समजूतदार हसत. बाईंनी त्यांना नियम सांगितले. नियम सांगण्यापुरतंच काय ते बोलणं झालं. नंतर खोलीत फक्त दाणे ठेवल्याचा आवाज. लोक मागून उभे राहून बघू लागले. हेडमास्तरांचा एक चणा गेला, मग दुसरा. त्यांचं हसू कमी झालं. ते टेबलावर वाकले, कपाळाला आठ्या, अगदी लहान मुलासारखे. आणि एका चालीत बाईंनी त्यांचा पार निकाल लावला.

‘‘मोलेन,’’ बाई कुजबुजल्या आणि हसल्या.

ते हसू मी घरात रोज बघत होते, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. डोळे घट्ट मिटलेले, ओठ दाबलेले, खांदे गदगदा हलताहेत आणि आवाज अजिबात नाही. भिंतीपलीकडच्या माणसाला पत्ता लागू नये असं हसू. हसता हसता त्यांचा हात तोंडाशी गेला, आणि तिथेच राहिला. त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि त्याच्याकडे बघितलं, जणू कुणीतरी तो त्यांच्या मांडीवर ठेवून गेलं होतं.

‘‘अरे,’’ त्या म्हणाल्या. खोलीला नव्हे, मलाही नव्हे. ‘‘ही तूच की, मावशी. अशीच हसायचीस.’’

मागे कुणीतरी नाक ओढलं. मॅडम पुढे होऊन काहीतरी समारोपाचं बोलणार होत्या, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. हेडमास्तर अजून समोरच बसले होते, आपले उरलेले दोन चणे बघत.

‘‘आणखी एकदा खेळू या का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘या वेळी मला जिंकू द्याल?’’

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या, आणि दाणे वेगळे करायला लागल्या.